लेपित केशनलिका आणि न्यूक्लिओटाइडांचे पृथक्करण

विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे ४० किलो एटीपी खर्च होते. मात्र कोणत्याही एका क्षणी शरीरात असलेला एटीपीचा साठा जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतो. याचा अर्थ असा की, एटीपीचा प्रत्येक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा घडतो. मोडताना त्याचा एक फॉस्फेट गट सुटतो व एडीपी तयार होते. आणखी एक गट सुटला की एएमपी उरते. पेशी सुस्थितीत आहे की प्राणवायूअभावी गुदमरते आहे, याचा अंदाज या तीन रेणूंच्या परस्पर प्रमाणावरून येतो. प्रश्न उरतो तो असा, की केवळ एकेका फॉस्फेट गटाच्या फरकाचे हे रेणू एकमेकांपासून अलग करून मोजायचे कसे?

या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक म्हणजे केशनलिका विद्युत्संचारण, अर्थात कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. केसाएवढ्या बारीक पोकळीच्या काचनळीत द्रावण भरून आणि तिच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा विद्युत्‌दाब लावून रेणू वेगळे करण्याची ही पद्धत आहे. तत्त्व सोपे असले, तरी न्यूक्लिओटाइडांच्या बाबतीत तिचे यश डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे नळीच्या आतील भिंतीवर दिलेला अतिशय पातळ लेप. तो नसेल, तर नळीची काच स्वतःच मोजमापात ढवळाढवळ करते.

न्यूक्लिओटाइडांची रचना व विद्युत्‌भार

प्रत्येक न्यूक्लिओटाइडाचे तीन घटक असतात : नायट्रोजनयुक्त बेस, पाच कार्बन अणूंची शर्करा आणि एक, दोन किंवा तीन फॉस्फेट गट. अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन व युरॅसिल हे पाच प्रमुख बेस होत. शर्करा रायबोज असेल तर ते न्यूक्लिओटाइड आरएनएच्या घडणीचे. डीऑक्सिरायबोज असेल तर डीएनएच्या घडणीचे. डीएनए व आरएनए या लांब साखळ्यांच्या कड्या म्हणून न्यूक्लिओटाइडे परिचित आहेत. परंतु पेशीच्या द्रवात सुट्या स्वरूपात वावरणारी न्यूक्लिओटाइडेही तितकीच महत्त्वाची असतात. ऊर्जेची देवाणघेवाण, संदेशवहन आणि एन्झाइमांचे नियंत्रण ही कामे त्यांच्याकडे असतात.

विद्युत्संचारणाच्या दृष्टीने त्यांचा निर्णायक गुण म्हणजे फॉस्फेट गटांवरील ऋणभार. द्रावणाचा सामू उदासीन बिंदूच्या किंचित वर असेल, तर एएमपीवर साधारणतः दोन, एडीपीवर तीन व एटीपीवर चार ऋणभार असतात. साहजिकच विद्युत्‌क्षेत्रात ही सर्व न्यूक्लिओटाइडे धनाग्राकडे ओढली जातात आणि त्यांत एटीपीची ओढ सर्वाधिक असते.

सामू आम्लधर्मी केला, की बेसही या खेळात उतरतात. सायटोसिन व अॅडेनिन हे सामू ४च्या आसपास हायड्रोजनचा धनभारी आयन स्वीकारू लागतात. ग्वानिन तो त्याहून बऱ्याच अधिक आम्लतेत स्वीकारते, तर युरॅसिल स्वीकारत नाही. त्यामुळे फॉस्फेट गटांची संख्या समान असलेल्या न्यूक्लिओटाइडांच्या एकूण भारातही फरक पडतो. सामू योग्य राखला, तर केवळ बेसच्या भिन्नतेवरूनही ती अलग करता येतात. मात्र यासाठी लागणाऱ्या आम्लधर्मी द्रावणातच उघड्या काचेचे वर्तन सर्वांत बेभरवशाचे असते. लेपाची गरज प्रथम येथे जाणवते.

उप्सालापासून चॅपेल हिलपर्यंत

विद्युत्‌क्षेत्रात रेणू वेगळे करण्याच्या तंत्राला भक्कम पाया घातला तो स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील आर्ने टिसेलियस यांनी. १९३७ मध्ये त्यांनी आपले उपकरण प्रसिद्ध केले आणि रक्तद्रवातील प्रथिनांचे अल्ब्युमिन व आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे गट दाखवून दिले. या कार्याबद्दल १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. द्रावणातून विद्युत्‌प्रवाह गेला की ते तापते, तापलेला द्रव वर चढतो, थंड द्रव खाली येतो आणि वेगळे झालेले रेणू पुन्हा मिसळतात. त्यावर उपाय म्हणून पुढे कागद, स्टार्च, अॅगारोज व पॉलिअॅक्रिलअमाइड यांच्या जेलचा आधार घेतला गेला. टिसेलियस यांचेच शिष्य स्टेलान येर्टेन यांनी १९६७ साली वेगळा मार्ग दाखविला. काही मिलिमीटर व्यासाची नळी आपल्या आसाभोवती सतत फिरवत ठेवून त्यांनी द्रवाच्या या अंतर्गत हालचाली निष्प्रभ केल्या. लक्षणीय गोष्ट अशी, की त्या नळीच्या आतल्या बाजूला त्यांनी मिथिलसेल्युलोजचा लेप दिला होता. काचेची भिंत निष्क्रिय नसते, ही जाणीव या तंत्राच्या उगमापाशीच होती.

नळी फिरवण्याऐवजी ती अतिशय बारीक केली, तर उष्णता भिंतीवाटे झटपट बाहेर पडेल, हा विचार पुढे बळावला. १९८१ मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जेम्स जॉर्गेन्सन व क्रिन लुकॅक्स यांनी ७५ मायक्रोमीटर पोकळीच्या काचनळीत ३० हजार व्होल्टपर्यंतचा दाब वापरून पृथक्करण केले. स्तंभाची पृथक्करणक्षमता सैद्धांतिक पट्टिकांच्या संख्येत सांगतात. या प्रयोगांत ती संख्या ४ लाखांच्या वर गेली. तत्कालीन द्रव वर्णलेखनाच्या मानाने ही झेप फार मोठी होती. आधुनिक केशनलिका विद्युत्संचारणाचा आरंभ येथून मानला जातो. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, जपानमधील ताकाओ त्सुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च दाबाच्या विद्युत्‌क्षेत्रात केशनलिकेतून न्यूक्लिओटाइडांचे पृथक्करण केल्याचे प्रसिद्ध केले.

काचेच्या भिंतीचा हस्तक्षेप

आज वापरात असलेली केशनलिका अतिशुद्ध सिलिकापासून ओढलेली असते. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ३७५ मायक्रोमीटर आणि आतली पोकळी बहुधा ५० किंवा ७५ मायक्रोमीटर असते. बाहेरून पॉलिइमाइडचे पिंगट आवरण असल्यामुळे ती सहज वाकते, पण मोडत नाही. ५० सेंटिमीटर लांबीच्या व ५० मायक्रोमीटर पोकळीच्या नळीत मावणारे एकूण द्रावण सुमारे एक मायक्रोलिटर, म्हणजे एका लहानशा थेंबाहूनही कितीतरी कमी असते.

इतक्या अल्प द्रावणाला इतकी मोठी भिंत लाभली, की भिंतीचे गुणधर्म दुर्लक्षून चालत नाही. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात. सामू ३च्या वर जाऊ लागला, की हे गट हायड्रोजन आयन सोडून ऋणभारित होऊ लागतात. द्रावणातील धनभारी आयन मग भिंतीलगत गोळा होतात. विद्युत्‌दाब लावताच हा धनभारी थर ऋणाग्राकडे सरकतो आणि आपल्याबरोबर नळीतील सगळा द्रव ओढून नेतो. यालाच विद्युत्‌तर्षण प्रवाह म्हणतात.

अनेक कामांत हा प्रवाह उपकारक ठरतो. तो पंपाविना वाहतो आणि नळीच्या जवळजवळ संपूर्ण रुंदीत एकाच वेगाने वाहतो. पंपाने ढकललेला द्रव मध्यभागी वेगवान व कडेला मंद असतो, तसा प्रकार येथे नसल्याने रेणूंचे पट्टे पसरत नाहीत. धनभारी, भारहीन व ऋणभारी अशा सर्वच रेणूंना तो एका दिशेने शोधकापर्यंत आणून सोडतो.

न्यूक्लिओटाइडांच्या बाबतीत मात्र हा प्रवाह अडचणीचा ठरतो. त्यांना धनाग्राकडे जायचे असते आणि द्रव त्यांना ऋणाग्राकडे नेत असतो. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था होते. कमी भाराचे एएमपी प्रवाहाबरोबर लवकर वाहत येते. एडीपी त्यामागून येते. एटीपीची स्वतःची गती प्रवाहाच्या गतीच्या जवळ जात असल्याने ते फार उशिरा पोहोचते, त्याचा पट्टा रुंदावतो आणि प्रवाह क्षीण असेल तर ते शोधकापर्यंत पोहोचतही नाही. ज्या रेणूची मोजणी सर्वांत महत्त्वाची, तोच सर्वांत मागे पडतो.

त्याहून मोठी अडचण सातत्याची आहे. विद्युत्‌तर्षणाचा वेग सामू, बफरची तीव्रता, तापमान आणि नळी आधी कशाने धुतली होती, या सर्वांवर अवलंबून असतो. पेशींच्या अर्कातील प्रथिने भिंतीला चिकटली, तर तिचा भार बदलतो. मग सकाळी आठव्या मिनिटाला दिसलेला पट्टा दुपारी दहाव्या मिनिटाला दिसतो. रेणूची ओळख त्याच्या आगमनाच्या वेळेवरून पटवायची असेल, तर असे उपकरण साक्षीदार म्हणून विश्वासार्ह राहत नाही.

लेप : भिंतीला गप्प करण्याचे उपाय

भिंतीचा हस्तक्षेप थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तिचा भार झाकून प्रवाह जवळजवळ बंद पाडणे. दुसरा, भिंतीला उलटा भार देऊन प्रवाहाची दिशाच फिरवणे. पहिल्या मार्गाने न्यूक्लिओटाइडे केवळ स्वतःच्या गतीने धनाग्राकडे जातात. दुसऱ्या मार्गात प्रवाहही त्यांच्याच दिशेने वाहतो व वेळ वाचतो.

पहिल्या मार्गावरील पायाभूत काम पुन्हा येर्टेन यांचेच आहे. १९८५ मध्ये त्यांनी दोन्ही टोकांना वेगवेगळे क्रियाशील गट असलेला सिलेन वर्गातील पदार्थ वापरला. त्याचे एक टोक काचेच्या सिलॅनॉल गटांशी जोडले जाते. दुसऱ्या टोकावर अॅक्रिलअमाइडची साखळी वाढवली जाते. परिणामी काचेवर पॉलिअॅक्रिलअमाइडच्या धाग्यांचा भारहीन, जलस्नेही थर तयार होतो. हा थर काचेचा भार झाकतो, प्रवाहाला खीळ घालतो आणि प्रथिनांना भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही.

या लेपाची दुर्बल जागा म्हणजे काचेशी असलेला त्याचा जोड. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यामधील हा बंध अल्कधर्मी द्रावणात हळूहळू तुटतो आणि लेप झडू लागतो. १९९० मध्ये कॉब, डॉल्निक व नोव्होत्नी यांनी ग्रिन्यार्ड अभिक्रियेच्या साहाय्याने कार्बन थेट सिलिकॉनला जोडून अधिक टिकाऊ लेप सिद्ध केला.

रासायनिक जोडणीऐवजी बहुवारिकाचा थर भिंतीवर पसरवून पक्का करण्याचीही पद्धत आहे. वायू वर्णलेखनाच्या नळ्या तयार करण्याचा अनुभव येथे कामी आला. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील मिल्टन ली यांच्या गटाने पॉलिएथिलीन ग्लायकॉल व पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या संयुक्त बहुवारिकाचा, युकॉन या व्यापारी नावाने मिळणाऱ्या पदार्थाचा लेप दिलेल्या नळ्या बनविल्या. १९९४ मध्ये अशा नळ्यांतून न्यूक्लिओटाइडांचे पृथक्करण केल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीतील शोम्बुर्ग यांच्या गटाने पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा थर उष्णता देऊन भिंतीवर स्थिर करण्याची पद्धत मांडली.

दुसऱ्या मार्गात बफरमध्येच विशिष्ट पदार्थ मिसळला जातो. सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइडसारखा धनभारी, साबणासारखा पदार्थ भिंतीवर दुहेरी थर करून बसतो आणि भिंत धनभारित होते. प्रवाह आता धनाग्राकडे वाहू लागतो. याला गतिमान लेप म्हणतात, कारण प्रत्येक वेळी नळी धुऊन तो नव्याने देता येतो. पॉलिब्रीनसारखे धनभारी बहुवारिकही याच कामासाठी वापरले जाते. १९९८ मध्ये जपानमधील कातायामा व सहकाऱ्यांनी धनभारी व ऋणभारी बहुवारिकांचे थर एकावर एक चढवून अधिक टिकाऊ लेप तयार केला.

उलटा भार देण्याचा मार्ग स्वस्त व सोपा असला, तरी त्यातही एक गोम आहे. धनभारी भिंत ऋणभारी न्यूक्लिओटाइडांना आपल्याकडे ओढू शकते. जितके फॉस्फेट अधिक, तितके हे आकर्षण अधिक. म्हणजे येथेही एटीपीलाच सर्वाधिक धोका. यामुळेच न्यूक्लिओटाइडांच्या कामात भारहीन लेपांना विशेष महत्त्व आले.

प्रत्यक्ष पृथक्करण कसे होते?

कामाची सुरुवात नळीपाशी होत नाही, तर पेशीपाशी होते. पेशी शरीरातून किंवा संवर्धनपात्रातून काढल्यानंतरही तिच्यातील एन्झाइम एटीपी मोडत राहतात. म्हणून नमुना तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात अथवा थंडगार परक्लोरिक आम्लात टाकतात. आम्लाने प्रथिने साखळतात व एन्झाइम थांबतात. नंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आम्ल उदासीन केले, की पोटॅशियम परक्लोरेट तळाशी बसते आणि वरचा निवळ अर्क वापरता येतो. ही पायरी रेंगाळली, तर पुढील यंत्र कितीही उत्तम असले तरी आकडे चुकीचेच येतात.

लेपित नळीत योग्य सामूचे बफर द्रावण भरतात. दाब देऊन नमुन्याचे काही नॅनोलिटर नळीच्या एका टोकात शिरवतात. या टोकाशी ऋणाग्र व शोधकाकडील टोकाशी धनाग्र, अशी नेहमीच्या उलट जोडणी केली जाते. २० ते ३० हजार व्होल्टचा दाब लावताच न्यूक्लिओटाइडांची शर्यत सुरू होते. उदासीन बिंदूजवळच्या सामूत तीन फॉस्फेट असलेली न्यूक्लिओटाइडे प्रथम, दोन असलेली त्यानंतर आणि एक असलेली शेवटी पोहोचतात. उघड्या नळीतील क्रम येथे बरोबर उलटा होतो आणि मागे पडणारे एटीपी आघाडीवर येते. भार समान असेल, तर लहान बेस असलेला रेणू थोडा पुढे राहतो.

शोधकापाशी नळीवरील पॉलिइमाइडचे आवरण काही मिलिमीटर जाळून एक खिडकी केलेली असते. सर्व न्यूक्लिओटाइडांचे बेस २६० नॅनोमीटरच्या आसपासचा जंबुपार प्रकाश उत्तम शोषतात. रेणू खिडकीसमोरून जाताना प्रकाश क्षणभर घटतो आणि आलेखावर शिखर उमटते. शिखराच्या वेळेवरून रेणू ओळखतात. क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण काढतात. ज्ञात प्रमाणाचा एखादा संदर्भ पदार्थ नमुन्यात मिसळून ठेवल्यास लहानसहान चढउतारांची भरपाई करता येते.

पेशीच्या ऊर्जेपासून मासळीच्या ताजेपणापर्यंत

या मोजमापाचा एक महत्त्वाचा उपयोग म्हणजे पेशीचा ऊर्जाभार काढणे. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल अॅटकिन्सन यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना मांडली. एटीपीमध्ये एडीपीचा अर्धा भाग मिळवायचा आणि त्या बेरजेला एटीपी, एडीपी व एएमपी या तिघांच्या एकूण प्रमाणाने भागायचे, की ऊर्जाभार मिळतो. सर्व साठा एटीपीच्या रूपात असेल तर उत्तर १ येते. सर्व एएमपी असेल तर शून्य. निरोगी पेशींत हा आकडा बहुधा ०.८ ते ०.९५ असतो. तो लक्षणीय घसरला, तर पेशी संकटात असल्याचे कळते. येथे एटीपीचे शिखर थोडे जरी कमी नोंदले गेले, तरी निरोगी पेशी आजारी वाटू शकते. भिंतीला चिकटून राहिलेला एटीपीचा अंश म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही.

दुसरा उपयोग स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतील एटीपी ठराविक क्रमाने मोडत जाते : एटीपी, एडीपी, एएमपी, आयएमपी, इनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन. यांतील आयएमपी चवदार, तर हायपोझँथिन कडवट. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी या साखळीवर आधारित के-मूल्य सुचविले. इनोसिन व हायपोझँथिन यांचे साखळीतील सर्व घटकांशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे के-मूल्य. ते २० टक्क्यांच्या आत असेल, तर मासा कच्चा खाण्याइतका ताजा समजतात. १९९० मध्ये कॅनडातील संशोधकांनी माशांच्या स्नायूंतील न्यूक्लिओटाइडे केशनलिका विद्युत्संचारणाने मोजली. मासळी बाजारात कल्ल्यांचा लाल रंग व डोळ्यांची चमक पाहून जी पारख केली जाते, तिच्यामागचे रसायन अशा आकड्यांत मांडता येते.

वैद्यकातही सुट्या न्यूक्लिओटाइडांना मोल आहे. रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे मर्कॅप्टोप्युरिन किंवा एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन व लॅमिव्ह्युडिन ही औषधे पेशीत शिरल्यावर न्यूक्लिओटाइडांचे रूप घेतात आणि त्यानंतरच काम करतात. त्यामुळे रक्तातील औषधाच्या प्रमाणाइतकेच पेशीच्या आत तयार झालेल्या या रूपाचे प्रमाणही उद्बोधक ठरते.

पोलादी सुईचा धडा

जंबुपार प्रकाशाने शिखर दिसते, पण त्या शिखराखाली नेमका कोणता रेणू आहे याची खात्री होत नाही. त्यासाठी केशनलिका मास स्पेक्ट्रोमीटरला जोडण्याचे प्रयत्न झाले. जपानमधील त्सुरुओका येथील केइओ विद्यापीठाच्या संस्थेत तोमोयोशी सोगा व सहकाऱ्यांनी या दिशेने दीर्घकाळ काम केले. त्यांचा प्रवास या विषयातील बारकाव्यांचे उत्तम उदाहरण आहे.

धनभारी लेपाच्या नळीतून अनेक ऋणभारी रेणू त्यांनी यशस्वीरीत्या मोजले. पण न्यूक्लिओटाइडांसारखे अनेक भार असलेले रेणू नीट दिसेनात. भिंत त्यांना धरून ठेवत असावी, असे मानून २००२ मध्ये त्यांनी वायू वर्णलेखनासाठी मिळणारी भारहीन लेपाची नळी वापरली. या नळीत उरलेला क्षीण प्रवाह द्रवाला मास स्पेक्ट्रोमीटरपासून दूर नेत असे व विद्युत्‌मंडल खंडित होई. म्हणून नळीच्या मागच्या टोकाकडून हवेचा हलका दाब देण्याची युक्ती त्यांनी योजली. २००७ मध्ये त्यांनी फॉस्फेट आयनांनीच सिलॅनॉल गट झाकण्याचा साधा उपाय मांडला.

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, आणखी एक कारण पुढे आले. मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी द्रव फवारणारी सुई गंजरोधक पोलादाची होती. या जोडणीत ती धनाग्राचे काम करीत असल्याने विद्युत्‌अपघटनामुळे झिजत होती. सुटलेले धातूचे आयन ऋणभारी रेणूंशी संकुले बनवत आणि लोहाचे ऑक्साइड नळीचे तोंड बुजवत. पोलादाच्या जागी प्लॅटिनमची सुई बसवताच हा त्रास संपला आणि काही रेणूंच्या बाबतीत संवेदनक्षमता ६० पटींहून अधिक वाढली. भिंतीवर आलेल्या आरोपात सुईचाही वाटा होता. रेणू ज्या ज्या पृष्ठभागाला स्पर्श करतो, तो प्रत्येक पृष्ठभाग तपासावा लागतो, हे यातून स्पष्ट झाले.

साखळ्यांचे तुकडे आणि मानवी जनुकसंच

सुट्या न्यूक्लिओटाइडांकडून त्यांच्या साखळ्यांकडे वळले, की लेपाचे आणखी एक कार्य दिसते. डीएनएच्या साखळीत प्रत्येक कडीबरोबर भारही वाढतो आणि द्रवाचा विरोधही. त्यामुळे मोकळ्या द्रावणात लांब व आखूड तुकडे जवळपास सारख्याच वेगाने धावतात. त्यांना वेगळे करण्यासाठी नळीत बहुवारिकाचे दाट द्रावण भरतात. धाग्यांच्या या जाळीतून आखूड तुकडे लवकर निसटतात, लांब तुकडे अडखळतात. एका न्यूक्लिओटाइडाच्या फरकाचे तुकडेही असे अलग होतात आणि त्यावरून डीएनएचा अनुक्रम वाचता येतो. भिंत उघडी असेल, तर विद्युत्‌तर्षण ही जाळीच नळीबाहेर ढकलू पाहते. म्हणून भिंतीवर कायमचा लेप देतात किंवा स्वतःच भिंतीला चिकटून तिला झाकणारे बहुवारिक वापरतात.

मानवी जनुकसंच प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, तेव्हा अनुक्रम वाचण्यासाठी काचेच्या दोन तावदानांमध्ये हाताने ओतलेल्या जेलवर अवलंबून राहावे लागे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ९६ केशनलिका एकाच वेळी चालवणारी स्वयंचलित यंत्रे बाजारात आली. जेल ओतणे, नमुने हाताने भरणे आणि वाकड्या झालेल्या रांगा जुळवणे ही कामे संपली. सरकारी प्रकल्प व सेलेरा ही खासगी कंपनी या दोघांनीही अशा यंत्रांवर मोठी भिस्त ठेवली. २६ जून २००० रोजी जनुकसंचाच्या पहिल्या मसुद्याची घोषणा झाली आणि एप्रिल २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या या वाचनात लेपित केशनलिकांचा वाटा मोठा होता.

मर्यादा व आजचे स्थान

या पद्धतीची मुख्य मर्यादा तिच्या सूक्ष्मतेतच आहे. साध्या वर्णपटमापकात प्रकाश नमुन्यातून १० मिलिमीटर प्रवास करतो. ५० मायक्रोमीटर पोकळीच्या नळीत हा मार्ग दोनशे पटींनी कमी होतो. त्यामुळे विरल द्रावणातील न्यूक्लिओटाइडे जंबुपार प्रकाशात सहज दिसत नाहीत. खिडकीपाशी नळी फुगवून मार्ग लांबवणे किंवा नळीत शिरतानाच नमुना एका अरुंद पट्ट्यात दाटवणे, असे उपाय केले जातात. अर्कातील क्षार अधिक असतील, तर हे दाटवणे फसते आणि शिखरे पसरतात.

दुसरी मर्यादा लेपाच्या आयुष्याची. तीव्र अल्क, चिकट प्रथिने आणि वारंवार धुणे यांनी लेप झिजतो. तो झिजला, हे डोळ्यांना दिसत नाही. न्यूक्लिओटाइडांच्या आगमनाच्या वेळा सरकू लागल्या, की कळते. म्हणून ज्ञात मिश्रण नियमितपणे चालवून नळीची परीक्षा घेणे आवश्यक असते. या कारणांमुळे सुट्या न्यूक्लिओटाइडांच्या नित्याच्या मोजणीसाठी अनेक प्रयोगशाळा आजही उच्चक्षम द्रव वर्णलेखनालाच पसंती देतात. नमुना फारच थोडा असेल, एकाच वेळी अनेक भारित रेणू पाहायचे असतील किंवा द्रावकांचा खर्च टाळायचा असेल, तेव्हा केशनलिका सरस ठरते.

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे काम २००५ नंतर आलेल्या नव्या तंत्रांनी बव्हंशी आपल्याकडे घेतले. तरीही एखाद्या जनुकातील निवडक बदलाची खातरजमा, न्यायवैद्यकातील डीएनए ओळख आणि एमआरएनए लसींमधील साखळ्या अखंड आहेत की तुटल्या आहेत याची तपासणी, ही कामे केशनलिकेतच होतात. येर्टेन यांनी १९६७ मध्ये ज्या कारणासाठी नळीला मिथिलसेल्युलोज लावले, त्याच कारणासाठी या नळ्यांच्या भिंती आजही झाकाव्या लागतात.